मित्सुरूचं लग्न कसं करायचं

होसोया बाईंनी नमुन्याची तीन चित्रं एकेक करून चटईवर मांडली आणि त्यांच्यावरचा पातळ कागद बाजूला करायला घेतला. तोमिकोला तेवढाही दम निघाला नाही. तिसऱ्या चित्राचा कागद अजून बाईंच्या हातातच होता, तोवर तिनं पहिलं चित्र दोन्ही हातांनी आपल्या गुडघ्याशी ओढून घेतलं.

"हे," ती म्हणाली. "असंच करायचं आम्हाला."

मंदिरातलं लग्न होतं ते. काळ्या किमोनोतला नवरदेव, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्याशुभ्र कापडात बुडालेली नवरी, समोर उंच टोपी घातलेला पुजारी आणि साके म्हणजे तांदळाच्या दारूच्या तीन लाल वाट्या एकावर एक रचलेल्या. दुसऱ्या चित्रात हॉटेलातलं चर्च होतं. झालरीचा झगा, टाय, रंगीत काचा, हल्लीच्या पोरांना आवडतं तसलं. तिसरं जुन्या वळणाचं, घरातलं लग्न. त्यात देवही नव्हता आणि पुजारीही. मोठ्या खोलीत दोन रांगांनी माणसं बसलेली, प्रत्येकासमोर जेवणाचा छोटा चौरंग, आणि वरच्या अंगाला नवरा-नवरी खाली मान घालून.

"अहो, इकडे बघा तरी," तोमिको म्हणाली.

"बघतोय," गेंजिरो म्हणाला. तो खिडकीशी भिंतीला टेकून बसला होता आणि बघत होता बाहेरच्या झाडाकडे. आता गेंजिरो म्हणजे असा माणूस, की घराला आग लागली तरी आधी जोडे सरळ लावील आणि मग म्हणेल, जरा धूर येतोय वाटतं. पन्नास वर्षं त्याच्याबरोबर काढल्यावर तोमिकोनं त्याच्या बोलण्याची वाट पाहणं सोडून दिलं होतं. तिनं चित्र परत आपल्याकडे वळवलं.

लग्न मित्सुरूचं होतं. मित्सुरू त्यांचा एकुलता एक. दुसरीत असताना मेंदूज्वरानं गेला, त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. यामागाताच्या या भागात लग्नावाचून मूल गेलं, की आईबाप त्याच्या लग्नाचं चित्र काढून घेतात आणि डोंगरावरच्या देवळात नेऊन टांगतात. लग्नाला इथल्या बोलीत मुकासारी म्हणतात, आणि या चित्रांनाही तेच. बाहेरगावचे लोक ती चित्रं पाहिली की शहारतात. इथं मात्र प्रत्येक आळीत कुणी ना कुणी हे केलेलं असतं, त्यामुळे कुणाच्या भुवया वर जात नाहीत. देवळाच्या भिंतीवर नवरे-नवऱ्या नटूनथटून ओळीनं बसलेले असतात. खाली कुणीतरी त्यांच्या नावानं उदबत्ती लावून, हात जोडून निघून जातं.

तोमिकोनं इतकी वर्षं हे केलं नव्हतं, कारण तिच्या ते मनातच आलं नव्हतं. सात वर्षांच्या पोराच्या लग्नाचा विचार कोण करतं? पण या वर्षी दोन गोष्टी घडल्या. वसंतात गेंजिरोच्या पोटात दुखायला लागलं, आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोमिकोला बाहेर बोलावून सांगितलं की आता कापाकापी करण्यात अर्थ नाही. या वर्षीची चेरी ते बघतील. बर्फ बघतील असं मात्र वाटत नाही. ती आत आली तेव्हा गेंजिरोनं तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सदऱ्याची बटणं लावायला घेतली. त्याला काही सांगावंच लागलं नाही.

दुसरी गोष्ट सेत्सूची. सेत्सू गेंजिरोची धाकटी बहीण. जूनमध्ये त्यांच्या बागेतली चेरी काढायला मदतीला आली होती. चहा पिताना, काकडीच्या लोणच्याची फोड तोंडात टाकत म्हणाली, वहिनी, राग मानू नका, पण तुमचा पितरांचा देव्हारा माझा मुलगा काही नेणार नाही. त्याच्या सेंदाई शहरातल्या घरात चपला ठेवायला जागा नाही, तिथं तुमचे पूर्वज कुठं बसवणार? देवळातल्या बुवांना बोलवा, शेवटची पूजा करा आणि वेळेवर मिटवून टाका सगळं. सेत्सू मनानं वाईट नाही. जीभ तेवढी तिखट आहे, आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मोठ्यानं बोलायचं काम नेहमी तिच्याच वाट्याला येतं.

तेव्हापासून तोमिकोच्या जिवाला घोर लागला होता. ती रोज सकाळी पहिला भात मित्सुरूच्या वाटीत काढून देव्हाऱ्यापुढे ठेवायची. वाटीवर बुलेट ट्रेनचं चित्र होतं, पुसट झालेलं. सारातली कांद्याची पात त्याला आवडायची नाही, म्हणून त्याच्यापुरती ती चमच्यानं वेचून बाजूला काढायची. हे गेले की ती एकटी उरणार, आणि ती गेली की त्या वाटीत भात घालणारं कुणीच नाही. अंधार पडल्यावर परसात जायलासुद्धा आईचा पदर धरून निघणारं पोर ते. त्याच्याबरोबर कुणीतरी हवं होतं, जन्मभराचं नाही तर त्याच्यापुढचं. मग तिला देवळातली ती चित्रं आठवली. लग्न लावून दिलं की निदान एकटा राहणार नाही, एवढा एकच विचार तिनं घट्ट धरला.

सेत्सूला सांगितलं तर ती म्हणाली, इतकी वर्षं सुचलं नाही आणि आता वरात काढताय होय? गेंजिरोलाही सांगितलं. ठरल्या दिवशी त्यानं होसोया बाईंकडे यायला छोटा ट्रक बाहेर काढला, काच पुसली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिला. त्याच्या हिशेबी हे पुष्कळ होतं.

"आई, फोटो आणलाय ना?" होसोया बाईंनी विचारलं.

तोमिको पिशवीत हात घालता घालता थांबली. इथली रीतच आहे ती. मुलाच्या कामासाठी आलेल्या बाईला मास्तर, डॉक्टर, दुकानदार सगळे आईच म्हणतात. मित्सुरू होता तेव्हा शाळेत, दवाखान्यात, शिंप्याकडे तिला दिवसातून चारदा हे ऐकायला मिळायचं. तो गेला आणि ते बंद झालं. मग ती ओकुयामांची सून राहिली, नंतर चेरीवाल्या बाई झाली, आणि आता दुकानातली पोरं तिला सरळ आजी म्हणतात. तिनं फोटो काढून दिला आणि "आणलाय" असं दोनदा म्हणाली.

शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो होता. पाठीवर काळं दप्तर, जवळजवळ त्याच्याएवढंच. पुढचे दोन दात पडले होते म्हणून तोंड घट्ट मिटलेलं. बाईंनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या, आणि ही लग्नाची चित्रं काढायची विद्या त्यांनी त्यांच्या गुरूंकडून घेतली होती.

"कपाळ बाबांचं आहे, जिवणी तुमची," त्या म्हणाल्या. "मोठा मी करते याला. पण किती मोठा, ते तुम्ही सांगायचं. बहुतेक आईबाप पंचविशीचा सांगतात."

तोमिकोनं हा विचारच केला नव्हता. खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यासमोर तोच होता, दात पडलेला, मापानं लहान करून शिवलेल्या काळ्या किमोनोत, आणि त्याच्याशेजारी एक पूर्ण वाढलेली नवरी. हे किती विचित्र दिसेल ते तिला आत्ता, या बाईंसमोर बसल्यावर कळलं. तिला शरमल्यासारखं झालं.

"उंचीला कसा होता असता?" बाईंनी पेन्सिल घेतली.

तोमिकोचा हात आपसूक वर आला आणि बसल्या जागी तिच्या डोक्यापेक्षा थोडा वर हवेत थांबला. तिथून तो पुढे जाईना.

"माझ्याहून चार बोटं उंच," खिडकीशी बसलेला गेंजिरो म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं. तो अजून झाडाकडेच बघत होता.

"थोडा वाकून चालतो. उंच पोरं चालतात तसा. किती वर्षं सांगतोय, ताठ चाल म्हणून. ऐकत नाही."

बाईंनी तोमिकोकडे पाहिलं, मग पेन्सिल कागदाला लावली आणि सावकाश विचारलं, चष्मा आहे का. गाडी चालवताना लावतो, एरवी खिशात असतो, असं गेंजिरोनं सांगितलं. केस कानाशी पिकलेत. त्यात काय, आपलेही चाळिशीतच पिकले होते. दाढी रोज करत नाही. डाव्या भुवईत एक खूण आहे, सायकलवरून पडला होता ती.

मित्सुरूला सायकल कधी घेतलीच नव्हती. दुखणं थांबवायच्या नव्या गोळ्यांनी कधी कधी माणूस भ्रमल्यासारखं बोलतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय झालंय?" गेंजिरो म्हणाला.

आणि मग तो बोलायला लागला. इतकं सलग तो शेवटचं कधी बोलला होता ते तोमिकोला आठवेना. पोर गेलं त्याच्या पुढच्या वर्षी चेरी काढताना त्यानं सवयीनं मित्सुरूची छोटी शिडी बाहेर काढली होती. ती परत ठेवायला गेला आणि वाटलं, राहू दे, आता आठ वर्षांचा झाला असता, टोपली धरायला आला असता. पुढच्या वर्षी वाटलं, आता खालच्या फांद्यांना हात पुरेल. असं होता होता त्याची सवयच झाली. फवारणी करताना, फांद्या बांधताना, थंडीआधी झाडं गवतानं गुंडाळताना मित्सुरू त्याच्या आसपास वाढत राहिला. आवाज फुटला तेव्हा बापाशी बोलेनासा झाला. ट्रक शिकताना शेडच्या खांबाला दार ठोकलं. शाळा संपली तेव्हा दोघांचं मोठं भांडण झालं.

"कशावरून?" तोमिकोच्या तोंडून निघून गेलं.

"बागेत राहायचं नाही म्हणाला. सेंदाईला गेला."

"गेला?"

"बरीच वर्षं झाली. पुलांच्या कामावर असतो."

तोमिको त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं तिनं मित्सुरूला देव्हाऱ्यासमोरून हलू दिलं नव्हतं. कुणाच्या लग्नाला गेली तरी मुक्कामाला राहायची नाही, सकाळी त्याचा भात चुकेल म्हणून. आणि हा माणूस त्याला बागेत घेऊन फिरत होता, त्याच्याशी भांडत होता. शेवटी सोडूनही आला होता.

"तुम्ही जाऊ दिलंत त्याला?" ती म्हणाली.

"मी कोण जाऊ देणारा? सगळ्यांचीच पोरं गेली. शेजारच्या कोन्नोचे दोघं गेले, सेत्सूचा गेला. आपलाच तेवढा कसा राहील?"

मनातल्या मनातच संसार मांडायचा, तर कुणीही पोराला घरी ठेवून घेईल, सोन्यासारखी सून आणील, अंगणात चार नातवंडं खेळवील. तिथं कोण अडवायला येतं? पण गेंजिरोनं मनातसुद्धा पोराला शहरात पाठवलं होतं आणि बाग एकट्यानं ओढली होती. तोमिकोला त्याचा भयंकर राग आला. आणि रागाच्या खाली, कबूल करायला लाज वाटावी असा, हेवाही होता. तिचा मुलगा सात वर्षं जगला होता. त्याचा चाळीस पार करून गेला होता.

"घरी येतो का?" तिनं विचारलं.

"पितरांच्या सणाला येतो. नव्या वर्षाला येईलच असं नाही."

"जेवतो नीट?"

"कांद्याची पात अजून काढून ठेवतो."

तोमिकोनं पिशवीतून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. होसोया बाई उठल्या, चहाचं पाणी गार झालंय म्हणत आत गेल्या, आणि लागेल त्यापेक्षा जास्त वेळ आतच राहिल्या. बाहेर झाडावर उन्हाळी किडे कर्कश किरकिरत होते. जुलैचं ऊन चटईच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं आणि गेंजिरोनं पाय आखडून घेतले होते. गेल्या महिन्यापासून त्याच्या पायांना ऊनसुद्धा सोसत नव्हतं. तोमिकोनं उठून पडदा थोडा ओढला.

बाई चहा घेऊन आल्या आणि कामाच्या आवाजात म्हणाल्या, "मग पद्धत मंदिराचीच ठरली ना? तसा कपडा धरून मी बांधा काढते."

"हो," तोमिको म्हणाली.

"ते नको," गेंजिरो म्हणाला. तो पहिल्यांदाच खिडकीपासून हलला, हात टेकत टेकत पुढे आला, आणि त्यानं पहिलं चित्र तोमिकोच्या गुडघ्यापासून बाजूला सरकवलं. "पुजाऱ्यासमोर तो उभा राहणार नाही."

"का नाही राहणार?"

"देवाधर्माचं त्याला नको असतं. तुझ्यासमोर बोलत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून."

तोमिकोला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांचा भात, पस्तीस वर्षांच्या उदबत्त्या, आणि पोराला ते नकोच होतं. वर आईला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसत होता. बापाचंच पोर! तिच्या मनात आलं, की हे सगळं या माणसानं रचलेलं आहे, यातलं काही खरं नाही. आणि लगेच मनात आलं, की तिच्या वाटीतला मित्सुरू तरी कुठं खरा होता?

"मग चर्चमधलं करा," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "टाय लावून उभा राहील तुमचा साहेब."

"तेही देवाचंच." गेंजिरोनं तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "घरचं करू. आपलं झालं तसं."

त्यांचं लग्न घरीच झालं होतं. भर थंडीत, बर्फ वळचणीला टेकलेलं. गाडी गावाबाहेर रुतली आणि नवरी शेवटचा पल्ला चालत आली होती. त्या दिवसातलं तोमिकोला फार काही आठवत नव्हतं. पाय गारठले होते, कुणीतरी काका बेसूर गात होते, आणि वर पाहायची सोय नसल्यामुळे नवऱ्याचा फक्त गुडघा तिला दिसला होता. तो गुडघा थरथरत होता, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता तोच गुडघा शेजारी होता, पॅंटमध्ये हाडासारखा.

होसोया बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "घरचं लग्न हल्ली कुणी मागत नाही," त्या म्हणाल्या. "त्यात माणसं लागतात. आणि हयात माणूस मी काढत नाही. नवरीचं नावसुद्धा हयात बाईचं चालत नाही, तसं बसलेल्यांतही कुणी चालत नाही. काढलं तर ते माणूस तिकडे ओढलं जातं म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही, पण माझ्या गुरूंनी हे कधी मोडलं नाही. हे चित्र त्यांचं आहे. यात बसलेले सगळे गेलेले आहेत."

तोमिकोनं तिसऱ्या चित्राकडे नेलेला हात मागे घेतला. पंगतीतले लोक मघाशी आनंदी दिसत होते, ते आता नुसतेच बसलेले दिसायला लागले.

गेंजिरोला काही वाटलं नाही. आपले आईवडील आहेत, तो बोटांवर मोजत म्हणाला. दादा आहे. तुझे वडील आहेत, तुझी ताई आहे. रांग भरेल. तुमचे दादा पिऊन धिंगाणा घालतील, असं तोमिको बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली. घालू दे, गेंजिरो म्हणाला, लग्न आहे.

बाईंनी विचारलं, नवरीचं काही मनात आहे का. तोमिकोनं एक नाव आठवडाभर घोळवून ठेवलं होतं, गावात कुणाचंच नसलेलं. पण ते सांगण्याआधी तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, त्यानं स्वतः कुणी पाहिली असेल का. गेंजिरोनं मान खाजवली. असेलही. आपण विचारलं नाही. बापानं असलं काय विचारायचं असतं? "ते तुझं काम," तो म्हणाला.

तोमिकोनं डोळे मिटले. सात वर्षांच्या पोराला ताणून मोठं करायला गेली, ते जमेना. मग तिनं उलटीकडून धरलं. चाळिशीतला गेंजिरो घेतला, त्याला चार बोटं वाढवलं, थोडा वाकवला, खिशात चष्मा घातला. तो जोडे काढत होता. सणाला आला होता आणि घाईत होता, लगेच परत जायचं होतं. त्याचं तोंड तिला नीट दिसत नव्हतं, पण दप्तर नव्हतं हे नक्की. त्याच्यामागे कुणीतरी बाई हातात खाऊचा डबा घेऊन उभी होती.

"त्याच्याहून थोडी मोठी असू दे," डोळे मिटूनच ती म्हणाली. "हसरी असू दे. रूप नसलं तरी चालेल. अंधाराला भिणारी नको." आणि नाव मियो, असं तिनं सांगितलं.

बाईंनी भराभर काही रेघा मारल्या. उंच, खांद्यात झुकलेला पुरुष, त्याच्याशेजारी गोल चेहऱ्याची बाई, अजून डोळे न काढलेली. तोमिको बघत राहिली. गेंजिरोनं एकदा मान डोलावली आणि विचारलं, "पुरं कधी होईल?"

बाई संकोचल्या. एवढी माणसं म्हटल्यावर वेळ लागणार. प्रत्येकाचा फोटो बघून चेहरा काढायचा. बर्फ पडायला लागेल तोवर, कदाचित नव्या वर्षानंतर. घाई असेल तर मंदिराचं मी पानगळीच्या आधी देते, त्यात तिघंच असतात, असंही त्यांनी सांगून पाहिलं.

"घाई नाही," गेंजिरो म्हणाला. "नव्या वर्षाला होतंय ना, मग मलाही काढा. बापाच्या जागी. तोवर तुमच्या नियमात बसेन मी."

सबंध वसंत तोमिको त्याला म्हणत आली होती, अभद्र बोलू नका, डॉक्टर काय देव लागून गेले का. ते वाक्य आत्ताही जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मंदिराच्या चित्रात पुजारी असतो, नवरा असतो, नवरी असते. बापाला बसायला तिथं जागा नसते. मित्सुरूचा देवावर विश्वास होता की नव्हता हे आता कधीच कळणार नव्हतं. या माणसाला मात्र पोराच्या लग्नाला हजर राहायचं होतं, आणि ते त्याला तोंड उघडून मागता येत नव्हतं. इतका वेळ लावला त्यानं हे एवढं म्हणायला. तोमिकोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि या खेपेला तिनं रुमाल घेतला नाही.

होसोया बाई गेंजिरोकडे बघत नव्हत्या. त्या तोमिकोकडे बघत होत्या, पेन्सिल हातात धरून.

"काढा," तोमिको म्हणाली. "पण आत्ताचे नका काढू. मागच्या वर्षीचे काढा. अंगानं बरे होते."

बाईंनी कागदावर रांग आखली. वरच्या बाजूला, नवरदेवाच्या उजव्या हाताला, खांदे रुंद असलेला एक म्हातारा बसवला. त्याच्यासमोर चौरंग काढला. मग त्याच्याशेजारी आणखी एका माणसापुरतं अंतर सोडलं आणि तिथं पेन्सिल अडखळली.

"आईंची ही जागा मी मोकळी ठेवते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"मोकळी कशाला?" तोमिको म्हणाली. "तिथं सासऱ्यांना बसवा. त्यांना पुढे बसलेलं आवडतं." तिनं तळहातानं गाल पुसले. "घरच्या लग्नात मुलाची आई कधी पंगतीत बसलेली पाहिलीत तुम्ही? माझ्या लग्नात सासूबाईंचं तोंड मला सगळे उठून गेल्यावर दिसलं. एवढ्या माणसांचं जेवण कोण बघणार? मी आत आहे, स्वयंपाकघरात."

ती पुढे वाकली आणि कागदाच्या अगदी कडेला, जिथं खोली संपत होती तिथं, तिनं बोट ठेवलं.

"इथं सरकतं दार आहे ना? ते पुरतं लावू नका."

होसोया बाईंनी रबर घेतलं, दाराची रेघ पुसली आणि बोटभर अलीकडे पुन्हा ओढली.